बाईचा कान गेला नव्हता

भिवापूरकडच्या एका दुसऱ्या शनिवारची गोष्ट मी गेली पन्नासेक वर्षं सांगत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसातल्या निरोपसमारंभात, प्रताप नगरच्या बागेतल्या बाकावर, चार माणसं बसली असतील तिथं. घाईत जगणारा एक टायपिस्ट दोन दिवस खेड्यात जातो आणि निवांतपणा शिकून येतो, अशी ती गोष्ट आहे. लोकांना आवडते. दोघातिघांनी तर ती ऐकून रविवारी घड्याळ बांधणं सोडलं. गोष्ट खरी आहे. फक्त तिच्यातला रविवार मी नेहमी दुपारच्या जेवणापाशी संपवत आलो. त्यापुढचे तीन तास सांगायचे राहिले आहेत, आणि ते सांगण्यासाठी हे लिहायला बसलो आहे. पण आधी शनिवार सांगतो, कारण शनिवार खरोखरच छान होता.

तेव्हा एकोणीसशे सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं आणि मी तिशीतला होतो. सदरमधल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होतो. हात वेगानं चालत, आणि हातांच्या नादानं बाकीचं शरीरही तसंच चाले. चहा मी उभ्यानं प्यायचो. सायकल स्टँडवर लावायच्या आधीच माझा एक पाय जिन्यावर असे. बायको म्हणायची, "मी भात वाढेपर्यंत तुम्ही हात धुवायला उठलेले असता." नऊ वर्षांच्या नोकरीत मस्टरवर माझ्या नावापुढं उशिराची एकही लाल खूण नव्हती. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं, कारण ते मीच त्यांना सांगितलेलं होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळणारा माझा मित्र बसायचा. त्याचा स्वभाव माझ्या उलट. पाकिटाला तिकीट चिकटवल्यावर ते नीट बसलं की नाही हे तो थोडा वेळ पाहत राही. एकदा तो मला म्हणाला, "तू असाच धावत राहिला ना बे, त एक दिवस स्वतःच्याच पुढं निघून जाशीन. या दुसऱ्या शनिवारी माझ्यासंगं चाल. बाईच्या शेतावर मिरचीचं खळं लागलं आहे."

बाई म्हणजे त्याची थोरली बहीण. भिवापूरपासून दोनेक कोसांवरच्या एका गावात दिलेली. तो तिला बाई म्हणे, म्हणून मीही बाईच म्हणू लागलो.

इतवारीहून छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी होती. तिच्यात बसणं हाच माझ्यासाठी पहिला धडा. ती चालत होती असं म्हणायचं ते केवळ बाहेरची झाडं मागं जात होती म्हणून. वाटेत एक म्हातारा डब्यातून उतरला, रुळालगतच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या म्हशीची तब्येत विचारली, आणि उत्तर पूर्ण ऐकून मागच्या डब्यात चढला. मी दर पाच मिनिटांनी मनगट पाहत होतो.

"काय पाहून राहिला?" मित्रानं विचारलं.

"किती वाजले ते."

"मंग? तुले समजलं. आता गाडीले जाऊन सांग."

समोरच्या बाकावरची एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मी मनगट बाहीत लपवलं.

भिवापूर स्टेशनावर भाऊजी बैलबंडी घेऊन आले होते. भाऊजी म्हणजे बाईचे यजमान, कमी बोलणारा माणूस. अख्ख्या वाटेत ते दोनदा बोलले, आणि दोन्ही वेळा बैलांशी. घराच्या अंगणात उतरलो तेव्हा बाई सुपातलं काही पाखडत होती. उंच, हाडापेरानं मोठी, नाकात चमकी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भावाला विचारलं, "हा काहून असा उभा हाय गा? याले बसता येत नाही काय?"

"बसते, बाई. सांगितलं की बसते."

"बस बापा," ती मला म्हणाली. मी बसलो. आणि तो सबंध दिवस, मला स्वतःलाच नवल वाटावं इतका, बसून राहिलो.

चुलीवरच्या पाण्यानं अंघोळ करताना घड्याळ काढून खुंटीला अडकवलं, ते दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथंच राहिलं. उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं टोपलं मधे ठेवून आम्ही सोलत खात बसलो. शेंगा अशा असतात की त्या घाईनं खाताच येत नाहीत. प्रत्येक शेंगेशी स्वतंत्र व्यवहार करावा लागतो. चहा आला तो कपबशीतून, आणि बशीत ओतलेला चहा निवेपर्यंत माणसं बोलत बसतात, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. मी आपला जीभ पोळून घेऊन मोकळा.

मग खळ्यावर गेलो. शेणानं सारवलेल्या मोठ्या अंगणात मिरच्या पसरलेल्या. इतकं लाल एका जागी मी पूर्वी पाहिलं नव्हतं. सातआठ बाया वाकून मिरच्या वरखाली करत होत्या. पहिल्या तासात मी इतका शिंकलो की बायांनी मोजायला सुरुवात केली.

"सतरा झाल्या वं."

"थांब, नाक ओढून राहिला तो. हे पाहा, अठरा."

"पाहुण्याले नागपूरले पाठवा, नाहीतं मिरचीले सर्दी होईन."

पण बसता बसता नाक सरावलं. बाया ठरावीक क्रमानं काठाकडून मधे सरकत होत्या, कुणी कुणाला घाई करत नव्हतं, आणि तरीही काम होत होतं. टाइप करताना ज्या बोटांना मी क्षणभर विश्रांती देत नसे, ती माझ्या मांडीवर नुसती पडून होती. त्यांच्याकडं पाहून मला बरं वाटलं. गोष्टीतला हा भाग मी नेहमी सांगतो आणि यात काहीही वाढवलेलं नाही.

संध्याकाळी मी ते पाहिलं, ज्यासाठी बाई आसपासच्या चार गावांत ओळखली जायची.

मिरची वाळली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. वरून कडक दिसते आणि आत ओल असते. ती ओळखायची बियांच्या आवाजावरून. पूर्ण वाळलेली मिरची कानापाशी हलवली की बिया खुळखुळतात. ओली मुकी राहते. तिकडं याला मिरची कानावर घेणं म्हणतात. दहा ठिकाणची घ्यायची. काठाची, मधली, थराच्या खालची. ज्यानं कानावर घ्यायचं, त्याच्या तोंडात पान-तंबाखू नको, कारण चघळताना बारीक आवाज ऐकू येत नाही. हंगामभर बाई सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसे. आणि तो कानावर घेत असताना खळ्यावर कुणी बोलायचं नाही. दाही वाजल्या की तो म्हणतो, "वाजली." मग पोती भरायची. तोवर घरधन्यानंही पोत्याला हात लावायचा नाही.

बाई खळ्यात शिरली तशा बाया गप्प झाल्या. भाऊजींनी बैलाच्या गळ्यातली घंटा मुठीत धरली. बाईनं एक मिरची उचलली, डोळे मिटले, कानाशी हलवली, ठेवली. दुसरी. तिसरी. सहावी हलवली आणि उठली. "नाही. उद्या पाहू."

बाया पुन्हा मिरच्यांवर वाकल्या. मी मात्र बोललो. "बाई, पाच तर वाजल्या. एकीसाठी कायले थांबायचं?"

"पोत्यात त्या पाच तिच्याच संगं राह्यतेत ना गा," ती म्हणाली. "एक ओली पाचाले ओलं करते."

मग तिनं गंमत म्हणून माझ्या कानापाशी दोन मिरच्या आलटून पालटून हलवल्या. मी दरवेळी बरोबर सांगितलं. टाइपरायटरवर ओळ संपत आली की छोटी घंटी होते. दिवसभर तीच ऐकून माझे कान तयार झाले असावेत. बाईला कौतुक वाटलं. भावाला म्हणाली, "तुह्या दोस्ताले ऐकू येते. तुले त कधीच आलं नाही." मित्र म्हणाला, "मले जेवाले बोलावलेलं ऐकू येते, बाई. तेवढं पुरते."

तिच्या कानाची पत अशी होती की तिच्या खळ्याची पोती नागपूरचा अडत्या सळी न खुपसता घ्यायचा. इतरांच्या पोत्यात सळी घालून पोटातला नमुना काढत. बाईचं पोतं नुसतं हातानं थोपटून बाजूला लावत. गावातली इतर घरंही आपल्या खळ्यावर तिलाच बोलवायची. मोबदला काही नाही. चहा आणि मान.

रविवारची सकाळ शनिवारसारखीच गेली. विहिरीत पोहलो. वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर जेवलो. माझी गोष्ट इथं संपायची. आता पुढचं.

जेवण झाल्यावर मित्र आंब्याखाली आडवा झाला आणि घोरू लागला. मी खुंटीवरचं घड्याळ घेतलं आणि मनगटाला बांधलं. संध्याकाळची गाडी गाठायची होती. ती चुकली तर सकाळची होती, पण सकाळची गाडी इतवारीला पोचेपर्यंत मस्टर साहेबांच्या टेबलावर गेलेलं असणार.

मी भाऊजींना विचारलं, "आम्हाला स्टेशनावर किती वाजता सोडता?"

भाऊजी बंडीच्या आसाला वंगण लावत होते. त्यांनी सावकाश उत्तर दिलं. "वाजली त पोती भरतो अन् त्याच बंडीत तुमालेबी नेतो. नाही वाजली त उद्या सकाळी. बैल एक डाव जाईन, दोन डाव नाही."

म्हणजे माझी गाडी मिरचीवर अवलंबून होती. मी बाईला शोधत गेलो, तर ती पदर नीट करून बाहेर निघालेली. शेजारच्या घरी मुलगी पाहायला पाहुणे आले होते आणि पोहे कुणी करायचे यावरून तिथं गोंधळ होता.

"मी जाऊन येतो," ती म्हणाली. तिकडं बायकाही असंच म्हणतात. "घटकाभरानं तू कानावर घेजो. दाही जागचं. मी आल्यावर सांगजो."

"मी?"

"तूच. तुले ऐकू येते. याच्या घोरण्यात मिरचीनं ढोल वाजवले तरी याले समजणार नाही."

एवढ्या वर्षांत तिनं आपल्या जागी कुणालाही बसवलं नव्हतं. भावाला नाही, नवऱ्याला नाही. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. एक म्हणाली, "पाहुणा बसला वं कानावर. आता आपण मुक्या." मला फार मोठं वाटलं. हेही लिहून ठेवतो, कारण नंतर जे केलं ते मला महत्त्व कळलं नव्हतं म्हणून केलं, असं कुणी समजू नये. मला ते पुरेपूर कळलं होतं.

घटकाभरानं मी खळ्यात शिरलो. बाया गप्प झाल्या. भाऊजींनी आदल्या दिवसासारखीच घंटा मुठीत धरली. काठाची पहिली मिरची वाजली. दुसरी वाजली. तिसरीही. मग मधे गेलो आणि हात खाली घालून एक काढली. ती मुकी होती. पुन्हा हलवली. मुकीच. शेजारची घेतली, तिच्यात एखादंच बी हललं असेल.

मी तसाच वाकून उभा राहिलो. मनगट डोळ्यांसमोर होतं. आत्ता पोती भरायला घेतली तर गाडी मिळत होती. मी मनाशी हिशेब मांडला, की ऊन अजून कडक आहे, भरेपर्यंत तासभर जाईल, तेवढ्यात उरलीसुरली ओल उडेल. हा हिशेब खोटा आहे हे मला मांडतानाच ठाऊक होतं. मग मी उरलेल्या पाच मिरच्या उचलून उगाच कानाजवळ नेल्या. हलवल्या नाहीत. बायांना पाठमोरा होतो; त्यांना काही दिसलं नाही.

बाई आली ती हसतच. "पोरगा उंच हाय," ती लांबूनच बायांना सांगू लागली, "पण बशी तोंडाले लावता लावता सगळा चहा सदऱ्यावर. त्याची माय म्हणते कशी, आमच्या पोराले चहाची सवय नाही." बाया खिदळल्या. मग ती माझ्याकडं वळली. "घेतलं दाही जागचं?"

"घेतलं."

"मंग?"

"वाजली," मी म्हणालो.

तिनं बायांना हातानं खूण केली, "भरा," आणि पोह्यात मीठ कसं जास्त झालं ते सांगू लागली. एरवी पोती भरण्यापूर्वी ती स्वतःचा हात एकदा ढिगात घालायची. त्या दिवशी घातला नाही.

पोत्यांवर बसून आम्ही स्टेशनावर आलो. निघताना तिनं मला पिशवीभर मिरच्या दिल्या आणि म्हणाली, "पुढच्या खळ्यावर येजो. आता तू आमचा कानवाला." सोमवारी मी वेळेवर, सव्वादहाला, मस्टरवर सही केली.

महिन्याभरानं मित्र टेबलावर पाकिटांचा ढीग तसाच ठेवून बसला होता. काय झालं म्हणून विचारलं. बाईची पोती अडत्याकडं उघडली तेव्हा मधोमध काळी पडलेली आणि बुरशी धरलेली निघाली होती. अडत्यानं सगळ्यांदेखत तिच्या पोत्यांत सळी घातली. बाई तिथं हजर होती. तिनं एवढंच सांगितलं, की या वर्षी आपला कान चुकला.

"तू तर तिथंच होता," मित्र म्हणाला. "मी झोपलो होतो. बाईनं कानावर घेतलं होतं ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. पाकिटं होती, दुपार होती, आजूबाजूला कुणी नव्हतं.

"माझं लक्ष नव्हतं बे," मी म्हणालो.

पहिल्या खोट्याला निदान गाडीचं निमित्त होतं. या दुसऱ्याला तेवढंही नव्हतं. भाऊजींनी आणि बायांनी मला कानावर घेताना पाहिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर गावाला कळलं असतं. पण पुढं भाऊजींकडून समजलं, की बाईनं खळ्यावर सगळ्यांना सांगितलं होतं, 'पाहुणा घरात गेल्यावर मी पुन्हा कानावर घेतलं, तेव्हा मलेबी ते वाजल्यासारखं वाटलं.' त्यामुळं विषय तिच्यापाशीच थांबला. दुसऱ्या वर्षी गावातल्या एकाही घरानं तिला खळ्यावर बोलावलं नाही.

इकडं माझं मात्र फार चांगलं चाललं होतं. त्या दोन दिवसांनी मला खरंच बदललं. मी बसून चहा पिऊ लागलो. टायपिंगचा वेग थोडा उतरला आणि चुका जवळजवळ थांबल्या. साहेबांनी कौतुक केलं. दुसऱ्या शनिवारी मी बायकोला घेऊन कुठंतरी जाऊ लागलो, कधी तलावावर, कधी नुसतंच रस्त्यानं. ती म्हणाली, "त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नवरा दुरुस्त करून पाठवला." मी सांगतो म्हणालो. लोक मला निवांत राहण्याबद्दल सल्ला विचारू लागले, आणि मी तो देऊ लागलो. मस्टरवर पुढं चारदा लाल खूण झाली. आभाळ काही कोसळलं नाही. तेव्हा कळलं, की त्या रविवारीही कोसळलं नसतं.

आठदहा वर्षं मी मित्राबरोबर तिकडं जायचं टाळलं. ऐंशीच्या दशकात प्रताप नगरला घर बांधून झालं, वास्तुशांतीचं निमंत्रण द्यायला म्हणून एकदाचा गेलो. बाई ओसरीवर बसली होती. तोंडात सुपारी होती. हंगाम चालू होता, खळं लागलेलं होतं, आणि तिच्या तोंडात सुपारी होती. कानावर घ्यायला आता दिराची सून जात असे.

मित्र पाण्याला गेला तेव्हा मी सांगून टाकलं. काठाच्या तीन वाजल्या, मधली वाजली नाही, आणि तरी मी वाजली म्हणालो. तिनं सुपारी एका गालातून दुसऱ्यात नेली.

"मले काहून सांगतं?" ती म्हणाली. "मले ठाऊकच हाय. बुरशी मध्यातून धरली. काठावरच्या मिरच्या चांगल्या होत्या. म्हंजे तुले मधल्या मुक्या लागल्याच असतीन."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुले मीच बसवलं होतं. अन् मी स्वतः हात घालून पाह्यला काय? नाही पाह्यला. मले त्या पोराचा चहा सांडल्याचं सांगाची घाई होती." ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "घाई तुलेच होती असं नको समजू. पण मले सांगून काय होते गा? मले समजलंच हाय. ज्यायले ठाऊक नाही त्यायले सांगजो."

तेवढ्यात मित्र तांब्या घेऊन आला. "काय गोष्टी चालल्या?" त्यानं विचारलं. बाई माझ्याकडं पाहत राहिली. तिनं मला चांगला वेळ दिला. मी म्हणालो, "वास्तुशांतीचं सांगत होतो."

ती वास्तुशांतीला आली नाही. पण मिरच्या पाठवल्या.

बाईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. भाऊजीही गेले. मी आणि मित्र, दोघंही ऐंशीच्या पुढं, सकाळी बागेत एका बाकावर बसतो. गेल्या महिन्यात तो बोलता बोलता सहज म्हणाला, की गावाकडं आता एक म्हणच पडली आहे. कुणी सांगितलेलं चुकीचं ऐकलं की नव्या पोरीसुद्धा म्हणतात, 'बाईचा कान झाला काय तुहा?' त्यांना बाई कोण हेही ठाऊक नाही. तो हसत सांगत होता, पण वाक्य संपताना हसू राहिलं नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. काठावरच्या तीन, मधली मुकी, 'माझं लक्ष नव्हतं', ओसरी, तांब्या. तो समोरच्या गवताकडं पाहत ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "म्हणजे ती मलेही बोलली नाही." मग काठी घेऊन उठला आणि माझ्याशिवाय घरी गेला. आठ दिवस बाकावर मी एकटा होतो. फोन केला तर त्याच्या सुनेनं सांगितलं, बाबांना बरं नाही. मागून त्याचा खोकल्याशिवायचा ठणठणीत आवाज येत होता.

नवव्या दिवशी तो आला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"लिहून दे," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"सगळं. मी सांगितलं त म्हणतीन, भाऊ आहे, बहिणीची बाजू घेऊन राहिला. तुझ्या हातचं पाहिजे. तसाही तुझा टाइप चांगला होता."

मी हातानंच लिहिलं. टाइपरायटर कधीच विकला. पहिली पानं त्याला दाखवली तर तुरीच्या शेंगांपाशी येऊन त्यानं चष्मा काढला. "हे गोडगोड काहून?" मी म्हणालो, तेही खरं होतं. त्यानं चष्मा पुन्हा लावला आणि पान उलटलं.

तर त्या गावातल्या माणसांसाठी, आणि विशेषतः ती म्हण वापरणाऱ्या पोरींसाठी, लिहून ठेवतो. त्या रविवारी त्या खळ्यावर बाईनं एकही मिरची कानावर घेतली नव्हती. पुन्हा घेतल्याचं तिनं सांगितलं ते माझ्यासाठी. घेतली होती मी, मला ऐकू आलं होतं, आणि मी खोटं बोललो. तिचा कान कधीच चुकला नाही.

यंदा खळं लागलं की दोघांनी जायचं ठरलं आहे. रस्ता आता चांगला आहे. त्याचा नातू गाडीनं नेणार आहे. बाया कामावर असतात तेव्हा, दुपारी, सगळ्यांसमोर हे वाचायचं, असं मित्राचं म्हणणं. मी म्हणालो, तू वाच, तुझा आवाज मोठा आहे. तो नाही म्हणाला.

"आणि त्या मधेच उठून गेल्या तर?" मी विचारलं.

"गेल्या त गेल्या," तो म्हणाला. "तू शेवटपर्यंत वाचजो."